‘बालपणीचं नातं आणि मोठेपणीचं वैवाहिक समाधान’ हा पीएचडीचा विषय घेतलाय, एकदाच प्रश्नावली भरून घेतली तर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए. झालंय, मानवी विकास आणि कुटुंब या विषयात पीएचडीचा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायचाय, ३०० विवाहित लोकांकडून एकाच बैठकीत दोन प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, एक लहानपणी आईवडील कसे वागले याची आणि दुसरी आत्ताच्या वैवाहिक समाधानाची, मग कोरिलेशन (दोन गोष्टी किती जुळतात याचा आकडा, ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण), थोडं रिग्रेशन (एकीवरून दुसरीचा अंदाज), झालं. गाईड म्हणतात चालेल. तुम्हाला मात्र कुठंतरी खटकतंय, आणि जोडीला ‘बालपणातच सगळं ठरतं हे सिद्ध झालेलं आहे ना?’ असंही विचारलंय.

खटकतंय ते बरोबरच खटकतंय. मी या क्षेत्रात बरीच वर्षं काम करतेय, त्यातला बराचसा वेळ कुटुंबांच्या मुलाखती आणि वर्षानुवर्षं गोळा होत गेलेला डेटा यांच्याशी झटापट करण्यात गेलाय, त्यामुळे आडवळणं न घेता सांगते. या पद्धतीने डिग्री मिळेल, एखाद-दोन पेपरही निघतील, पण हाती जे येईल ते बालपणाबद्दल नसेल. चाळिशीतल्या माणसाला आज त्याचं बालपण कसं वाटतं, एवढंच तुम्ही मोजलेलं असेल. हीसुद्धा अभ्यास करण्यासारखी गोष्ट आहे, अगदी चांगली आहे, फक्त ती वेगळी गोष्ट आहे आणि थिसिसमध्ये तिला बालपण म्हणून चालणार नाही.

प्रश्नावली कुठली घेताय ते लिहिलेलं नाही, पण अशा विषयाला बहुतेक जण पॅरेंटल बाँडिंग इन्स्ट्रुमेंट उचलतात, १९७९ मध्ये पार्कर आणि सहकाऱ्यांनी केलेलं, आईसाठी २५ वाक्यं आणि वडिलांसाठी तीच २५. त्यात पहिल्या १६ वर्षांतली आई आठवून उत्तर द्यायचं असतं. आता विचार करा, दोन वर्षांच्या मुलाची आई, आठ वर्षांच्या मुलाची आई आणि पंधरा वर्षांच्या पोराशी रोज खटके उडणारी आई, या सगळ्यांना मिळून एकच खूण करायची. लोक करतातही, बिनतक्रार करतात, आणि गंमत म्हणजे वीस वर्षांनी परत विचारलं तरी बऱ्यापैकी तशीच खूण करतात, हे त्या टूलवरच्या फॉलोअपमध्ये दिसलेलं आहे. पण उत्तर टिकून आहे म्हणजे ते खरं आहे असं होत नाही ना. माणूस स्वतःची एक गोष्ट बांधतो आणि ती गोष्ट टिकते.

आठवण आणि त्या वेळची नोंद यांचा मेळ किती बसतो हे मोजलेलं आहे. २०१९ मध्ये बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी असे १६ अभ्यास एकत्र करून बघितले ज्यात बालपणातल्या छळाची किंवा दुर्लक्षाची नोंद त्या काळातच झालेली होती आणि मोठेपणी त्याच माणसांना परत विचारलंही होतं. ज्यांच्या बाबतीत तेव्हाची नोंद होती त्यांतल्या सरासरी ५२ टक्के लोकांनी मोठेपणी असं काही झाल्याचं सांगितलंच नाही. उलट बाजूनेही तेच, मोठेपणी ‘झालं होतं’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांची तेव्हाची नोंद सापडत नाही. दोन्हींतली सहमती मोजणारा आकडा, कप्पा, ०.१९ (० म्हणजे योगायोगाइतकीच, १ म्हणजे पूर्ण), म्हणजे फारच कमी. यावरून लोक खोटं बोलतात असं कृपया काढू नका, व्हायवात कुणीतरी काढेलच. नोंदींमधूनही खूप काही सुटतं, घरातलं सगळं कुठे कागदावर येतं. मुद्दा एवढाच की हे दोन वेगवेगळे गट आहेत, एकाच्या जागी दुसरा चालवून घेता येत नाही.

आणि तुमच्या डिझाइनची खरी मेख याच्या पुढे आहे. न्यूझीलंडमधल्या डनीडन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे, ४५ व्या वर्षीच्या तपासणीला हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के लोक आले, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून त्यांना प्रवासखर्च देऊन बोलावतात. तर याच डेटावर २०१६ मध्ये दाखवलं गेलं की, आठवून सांगितलेलं बालपण हे माणसाने स्वतः सांगितलेल्या आत्ताच्या त्रासांशी जास्त जुळतं, आणि डॉक्टरांनी किंवा यंत्राने मोजलेल्या गोष्टींशी कमी जुळतं. कारण उघड आहे. ज्याचा स्वभावच जरा उदास आहे, कुरकुरा आहे, तो बालपणालाही कमी मार्क देतो आणि संसारालाही, आणि ज्याला एकूणच आयुष्य बरं चाललंय असं वाटतं तो दोन्हीकडे हात सैल सोडतो. एकच माणूस, एकच बैठक, दोन्ही फॉर्म. मग ०.३० चं कोरिलेशन येतं, तो निव्वळ योगायोग वाटत नाही हे सांगणाऱ्या दोन चांदण्या लागतात, आणि आपण चर्चेच्या प्रकरणात लिहून मोकळे होतो की बालपणीच्या मायेने संसार सुखाचा होतो. खरं तर त्या आकड्यात त्या दिवशीचा मूड किती, स्वभाव किती आणि बालपण किती हे वेगळं काढायला तुमच्याकडे काहीच नसतं.

आता दुसरा प्रश्न, बालपणात सगळं ठरतं का. तुमच्या विषयाच्या अगदी जवळचा एक अभ्यास आहे, तो नीट वाचाच. हार्वर्डचा जो दीर्घकालीन अभ्यास १९३८ पासून चाललाय, त्यात २६८ कॉलेजची मुलं होती आणि जोडीला बॉस्टनच्या गरीब वस्त्यांमधली ४५६ मुलं, सगळे पुरुष, सगळे गोरे, हे आधीच लक्षात ठेवा. त्यातल्या ८१ जणांवर वॉल्डिंगर आणि शुल्झ यांनी २०१६ मध्ये पेपर लिहिला. बालपणीच्या घराची माहिती ती मुलं पोरवयात असतानाच गोळा झालेली होती, मध्यमवयात ते अवघड भावना कशा हाताळतात हे मुलाखतींवरून ठरवलेलं, आणि सत्तरी-ऐंशीत बायकोशी त्यांची जवळीक किती सुरक्षित आहे हे पाहिलेलं. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी मोजलेल्या. आणि हो, संबंध निघाला. ज्यांचं घर मायेचं होतं ते म्हातारपणी जोडीदाराजवळ जास्त निर्धास्त होते, आणि त्यातला काही भाग मधल्या वयात भावना हाताळण्याच्या सवयीतून जात होता. पण संबंध बेताचाच, साठ वर्षांच्या अंतरावर बेताचा संबंध निघणं हीच मोठी बातमी आहे आणि तेवढीच ती आहे.

मिनेसोटाच्या अभ्यासातही असंच. १९७५ च्या सुमारास गरीब घरातल्या, पहिलटकरीण बायकांपासून तो सुरू झाला आणि मुलांबरोबर पुढे गेला. २००७ मध्ये सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या ७८ जणांची साखळी मांडली, एक वर्षाचं असताना आईशी असलेली अटॅचमेंट (तिच्याजवळ मूल किती निर्धास्त आहे ते), मग प्राथमिक शाळेत इतर मुलांमध्ये मिसळण्याची हातोटी, मग १६ व्या वर्षी जवळच्या मित्रमैत्रिणीशी विश्वासाचं नातं, आणि मग विशीत प्रियकर-प्रेयसीबरोबर भावना कशा येतात. प्रत्येक कडी पुढच्या कडीला जोडलेली आहे. पाळण्यातून थेट लग्नाच्या मांडवात उडी नाहीये. आणि मधली कुठलीही कडी बदलली तर पुढचं बदलू शकतं, म्हणून तर पिंक्वार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अटॅचमेंटच्या स्थैर्यावरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा १५ वर्षांपेक्षा मोठ्या अंतरावर ठळक असं स्थैर्य सापडलं नाही.

इथे एक फार मजेदार भानगड आहे, या विषयातली माझी सगळ्यात आवडती. मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात मोठ्या माणसांसाठी जी अटॅचमेंटची मुलाखत बनवली तिच्यात बालपण चांगलं होतं की वाईट यापेक्षा माणूस ते सांगतो कसं याला मार्क असतात, सुसंगत सांगतो का, उदाहरणं देतो का, ‘आई फार प्रेमळ होती’ म्हणून पुढे एकही प्रसंग आठवत नाही असं होतं का. यात काही लोक असे निघतात जे बालपण खडतर होतं असं सांगतात पण सांगतात अगदी शांत, समजून-उमजून. यांना ‘कमावलेले सुरक्षित’ म्हणायची पद्धत पडली, वाईट बालपणावर मात केलेले म्हणून. मग २००२ मध्ये रॉइसमन आणि सहकाऱ्यांनी मिनेसोटाच्या जुन्या नोंदी उघडून बघितल्या, ही माणसं खरंच लहान असताना त्यांच्या आयांबरोबर कशी होती ते, तर त्यांना बऱ्यापैकी चांगलं मातृत्व मिळालेलं दिसलं, वाईट नव्हे. म्हणजे ज्यांच्यावरून आपण मात केल्याच्या गोष्टी लिहीत होतो त्यांच्यात मात करण्यासारखं आपण समजत होतो तेवढं होतंच असं नाही. नुसत्या आठवणींवर काम केलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

भाकीत करता येतं का असंही कुणी विचारतं, बालपणाची सगळी माहिती दिली तर मोठेपणीचं सांगता येईल का. अमेरिकेतल्या २० शहरांमध्ये १९९८ ते २००० या काळात जन्मलेल्या सुमारे ४,९०० मुलांच्या अभ्यासावर याची रीतसर स्पर्धाच घेतली गेली, निकाल २०२० मध्ये छापून आला. १६० टीम्सनी भाग घेतला, जन्मापासून नऊ वर्षांपर्यंतचे जवळपास १३,००० व्हेरिएबल्स (मोजलेल्या बाबी) हाताशी, मशीन लर्निंग वगैरे सगळं, आणि १५ व्या वर्षीच्या सहा गोष्टी सांगायच्या होत्या, शाळेतले ग्रेड, घराबाहेर काढलं जाणं, चणचण अशा. सगळ्यात चांगल्या मॉडेललाही फारसं जमलं नाही, मोजक्या चार व्हेरिएबल्सच्या साध्या मॉडेलपेक्षा ते थोडंसंच पुढे होतं. हे वाचून आपल्या क्षेत्रातले कित्येक जण हिरमुसले, मला तर उलट बरं वाटलं. गटाच्या पातळीवर बालपणाचा परिणाम आहे, आणि तरीही समोरच्या एका माणसाचं आयुष्य त्यावरून वाचता येत नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत आणि तुमच्या थिसिसमध्ये दोन्हींना जागा हवी. १९९८ मध्ये ज्यांनी बालपणीच्या आघातांचा स्कोअर, म्हणजे असे किती प्रकारचे वाईट अनुभव आले याची बेरीज, लोकप्रिय केला त्यांतल्या अँडा यांनीच पुढे २०२० मध्ये बजावलंय की हा स्कोअर एकेका माणसाची जोखीम ठरवायला वापरू नका, तरी लोक वापरतातच.

हवाई बेटांपैकी कवाईवर एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा पाठपुरावा केला, त्यात गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार असं सगळं डोक्यावर घेऊन जन्मलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश मुलं अठराव्या वर्षापर्यंत छान उभी राहिली, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी सांगितलं जातं ते पुढचं. अठराव्या वर्षी जे भरकटलेले दिसत होते त्यातलेही बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत मार्गाला लागले, कुणी पुढचं शिक्षण घेतलं, कुणी सैन्यात गेलं, कुणाला जोडीदार चांगला मिळाला. म्हणजे तुमच्या विषयात लग्न हा परिणाम आहे, आणि इथे लग्न हे कारण आहे. याचा विचार सिनॉप्सिसमध्ये कुठे दिसतो का बघा.

कारण-परिणामाच्या दिशेबद्दल दोनच ओळी, कारण यावर गाईडशी वाद होईल. रिचर्ड बेल यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं की मूलही आईवडिलांना घडवतं. चिडखोर बाळाची आई दमते, दमलेली आई ओरडते, आणि आपण लिहितो की ओरडणाऱ्या आईमुळे मूल चिडखोर झालं. त्यात परत आई आणि मूल यांचे निम्मे जीन्स तेच, तेव्हा आईचा स्वभाव वागण्यातून आला की रक्तातून हे सख्ख्या कुटुंबांच्या साध्या सर्व्हेवरून कळत नाही, दत्तक मुलांचे आणि जुळ्यांचे अभ्यास त्यासाठीच असतात. तुम्हाला ते करायची गरज नाही, पण ‘मर्यादा’ या मथळ्याखाली शेवटी एक वाक्य टाकून सुटका होणार नाही, गृहीतक मांडतानाच ते ध्यानात ठेवावं लागेल.

याहून जास्त घोळ होतो तो माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसातला चढउतार यांच्यात. एलेन हमाकर यांचं टायपिंगचं उदाहरण मी प्रत्येक बॅचला देते. वेगाने टाइप करणाऱ्या लोकांच्या चुका कमी होतात, कारण ते सरावलेले असतात. पण एकाच माणसाने वेग वाढवला तर त्याच्या चुका वाढतात. दोन्ही खरं आणि दिशा उलट. आता ‘जी जोडपी जास्त बोलतात ती जास्त समाधानी असतात’ हे वाक्य घ्या. हा जोडप्याजोडप्यांतला फरक झाला. म्हणून एखाद्या जोडप्याने जास्त बोलायला सुरुवात केली की ते समाधानी होईल का? कदाचित ज्या आठवड्यात भांडण आहे त्याच आठवड्यात ते जास्त बोलतात. एकदाच घेतलेल्या डेटातून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतच नाही, आणि समुपदेशन करणाऱ्या माणसाला नेमकं तेच उत्तर हवं असतं. नुसतं दोन-तीनदा मोजूनही भागत नाही, क्रॉस-लॅग्ड मॉडेल (आधीच्या वेळची एक गोष्ट नंतरच्या वेळची दुसरी गोष्ट सांगते का हे बघणारं) जसंच्या तसं वापरलं तर हे दोन फरक एकमेकांत मिसळतात, हमाकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्यावर सुधारित मॉडेल दिलंय, तुमचा स्टॅटिस्टिक्सवाला ते करत नसेल तर दुसरा शोधा.

वयाचंही तसंच. वैवाहिक समाधान लग्नानंतर घसरतं आणि मुलं घराबाहेर पडली की परत चढतं, असा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख जुन्या पाठ्यपुस्तकांत असायचा. तो बहुतांशी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना एकाच वेळी विचारून काढलेला होता. २००१ मध्ये व्हॅनलॅनिंगहॅम, जॉन्सन आणि अमाटो यांनी त्याच त्या जोडप्यांना १७ वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा विचारलेल्या डेटावर बघितलं, तर शेवटची चढण गायब. जे जमलं नाही ते तोपर्यंत वेगळे झालेले असतात, उरलेले बरे दिसणारच, शिवाय त्या पिढीची लग्नाकडून अपेक्षाही वेगळी होती. तुमच्या सॅम्पलमध्ये २५ ते ६० वयाचे विवाहित लोक असतील तर हाच सापळा तुमच्यासमोर आहे, ‘सध्या विवाहित’ एवढीच अट घातलीत की घटस्फोटित माणसं आपोआप बाहेर पडतात, म्हणजे ज्यांच्यावर बालपणाचा परिणाम सगळ्यात जास्त झाला असेल असं तुम्हाला वाटतं नेमके तेच.

सॅम्पल कुठून येतं यावरून निष्कर्ष कसा फिरतो याला घटस्फोटावरचं संशोधन बघा. जुडिथ वॉलरस्टीन यांनी कॅलिफोर्नियातली ६० घटस्फोटित कुटुंबं सत्तरच्या दशकापासून पुढे २५ वर्षं पाहिली, मुलाखती अतिशय खोल, पण कुटुंबं मदत घ्यायला आलेली आणि तुलनेला सुरुवातीपासून दुसरा गट नाही. चित्र फार काळोखं निघालं. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी तुलनेचा गट ठेवून मोठा पाठपुरावा केला, त्यात घटस्फोटित घरातल्या साधारण २० ते २५ टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या आणि न मोडलेल्या घरात १० टक्क्यांना. आता हे दुप्पट म्हणायचं की तीन-चतुर्थांश मुलं ठीक आहेत म्हणायचं, दोन्ही खरं आहे, आणि लेखक कुठलं वाक्य आधी लिहितो यावरून त्याचा कल कळतो. मला वॉलरस्टीन यांच्या मुलाखती आजही उपयोगी वाटतात, घरातलं दुःख कसं बोललं जातं हे त्यातून समजतं, फक्त किती जणांना हे त्यातून विचारू नये.

थिअरीचं प्रकरण लवकर उरका. ब्रॉन्फेनब्रेनर यांची, मुलाभोवती घर, शाळा, समाज अशी एकात एक वर्तुळं काढलेली आकृती प्रत्येक थिसिसमध्ये असते आणि पुढे तिचा कुठे उपयोग होत नाही. २००९ मध्ये टज आणि सहकाऱ्यांनी या थिअरीवर आधारलेले म्हणवणारे २५ पेपर तपासले, त्यातल्या फक्त चारांनी तिचं शेवटचं, पक्कं रूप वापरलं होतं, ज्यात वर्तुळांपेक्षा रोज घडणाऱ्या देवाणघेवाणीला आणि काळाला महत्त्व आहे. त्यापेक्षा ग्लेन एल्डर यांचं काम जास्त कामाला येईल, १९३० च्या महामंदीत वाढलेल्या मुलांच्या कॅलिफोर्नियातल्या जुन्या नोंदींवर त्यांनी दाखवलं की पैशाची तंगी मुलापर्यंत पोचते ती घरातल्या नात्यांमधून, वडिलांची चिडचिड, आईवर आलेला भार, आणि ती कितव्या वर्षी आली याने फरक पडतो, अगदी लहान असलेल्या मुलग्यांना जास्त जड गेली आणि किशोरवयातल्या मुलांनी ती बऱ्यापैकी पेलली. वेळ आणि एकमेकांत गुंतलेली आयुष्यं, तुमच्या विषयाला एवढी चौकट पुरे.

मग करायचं काय. विषय सोडू नका, प्रश्न बदला. मी तुमच्या जागी असते तर दोनपैकी एक केलं असतं. पहिला मार्ग, जोडप्यातल्या दोघांनाही घ्यायचं, १२०-१५० जोडपी मिळाली तरी ३०० सुट्या माणसांपेक्षा ते काम मोलाचं, कारण नवऱ्याच्या आठवणीतल्या बालपणाचा बायकोच्या समाधानाशी संबंध लागतो का हे त्यातून बघता येतं, आणि तिथे एकाच माणसाच्या मूडचा गोंधळ उरत नाही. याचं विश्लेषण अ‍ॅक्टर-पार्टनर मॉडेलने करतात, ज्यात माणसाचा स्वतःवरचा आणि जोडीदारावरचा परिणाम वेगळा काढतात, केनी आणि सहकाऱ्यांचं, फार अवघड नाहीये. आणि जमलं तर त्यांतल्या निम्म्या जोडप्यांकडून दोन आठवडे रोज रात्री पाचच प्रश्नांची डायरी फोनवर भरून घ्या, आज भांडण झालं का, कुणी आधी बोललं, झोप कशी झाली, एवढंच. लोक एकदाच्या ९० प्रश्नांना कंटाळतात, रोजच्या पाचांना नाही.

दुसरा मार्ग भावंडांचा. एकाच घरात वाढलेल्या दोघा मोठ्या भावंडांना त्या घराबद्दल वेगवेगळं विचारायचं आणि फरकाचाच अभ्यास करायचा. १९८७ मध्ये आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र केले होते, मुलाच्या वागण्याबद्दल आई आणि वडील अशा सारख्या भूमिकेतल्या माणसांच्या उत्तरांत सरासरी ०.६० चा मेळ, पण मूल स्वतः आणि बाकीचे यांच्यात फक्त ०.२२. हा मेळ नसणं ही चूक समजून सरासरी काढून टाकायची नसते, कोण कुठून बघतोय हे त्यातच असतं. पिलमर आणि सुइटर यांच्या अभ्यासात म्हाताऱ्या आयांना आणि त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांना वेगवेगळं विचारलं तेव्हा आयांनी आपलं जवळचं मूल कोण ते सरळ सांगितलं, आणि मुलांचे अंदाज मात्र पुष्कळदा चुकले. असा एक निष्कर्ष दहा कोरिलेशन्सना भारी आहे.

आणि बालपणापासून पुढचंच करायचं असेल, हट्टच असेल, तर स्वतः डेटा गोळा करू नका. ब्रिटनचे १९५८ आणि १९७० चे जन्म-कोहॉर्ट (एकाच सुमारास जन्मलेल्यांचे पाठपुरावे) आहेत, प्रत्येकी साधारण १७,००० बाळांपासून सुरू झालेले, इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाममधल्या १२,००० मुलांचा यंग लाइव्ह्ज हा अभ्यास आहे, संशोधकांना नोंदणी करून यातला बराच डेटा मिळतो. दुसऱ्याच्या डेटावर पीएचडी म्हणजे कमी प्रतीचं काम असं अजून काही गाईडना वाटतं. त्यांना विचारा, वीस वर्षांचा फॉलोअप तीन वर्षांच्या रजिस्ट्रेशनमध्ये कसा बसवायचा. हे व्हेरिएबल्स समजून घेण्यातच सहा महिने जातात, कमी कष्टाचं मुळीच नाही.

टूल भाषांतरित वापरणार असाल तर भाषांतर उलटून परत तपासलं एवढ्यावर समाधान मानू नका, आठ-दहा जणांना समोर बसवून प्रत्येक वाक्याला ‘तुम्हाला यातून काय कळलं’ हे बोलून दाखवायला सांगा. ‘आईने माझ्यावर ताबा ठेवला’ या वाक्याला एका घरात तक्रार समजतात आणि दुसऱ्या घरात काळजी. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये चिनी आयांबद्दल हेच दाखवलं होतं, पालकांच्या वागण्याच्या पद्धतींच्या बाउमरिंड यांच्या वर्गीकरणात ज्या कडक ठरत होत्या त्यांच्या कडकपणामागे मुलाला घडवण्याची, त्याच्यासाठी झिजण्याची वेगळीच समजूत होती. अर्थ एकच नसेल तर दोन गटांच्या सरासरींची तुलना करण्यात काही अर्थ नाही, आधी मेझरमेंट इन्व्हेरियन्स, म्हणजे प्रश्नावली दोन्ही गटांत तीच गोष्ट मोजते का, ते तपासा.

शेवटी जोडप्यांचं किंवा भावंडांचं काम घेतलंत तर एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये जे विचारत नाहीत ते आधीच ठरवून ठेवा. दोघांना वेगळी लिंक किंवा वेगळी खोली, दोघांची संमती वेगळी, आणि एकाने मधेच माघार घेतली तर दुसऱ्याच्या डेटाचं काय करणार हे लेखी. मुलाखतीत एकाने सांगितलेलं दुसऱ्याच्या मुलाखतीत चुकूनही आडून विचारायचं नाही, मोह फार होतो. नाव बदललं की ओळख लपते हे बाहेरच्या वाचकापुरतं खरं आहे, घरातला माणूस आपल्याच माणसाचं वाक्य एका ओळीत ओळखतो, म्हणून थिसिसमध्ये एकाच घरातल्या दोघांची अवतरणं शेजारीशेजारी छापू नका, आणि ज्या वाक्यामुळे घरात भांडण पेटू शकतं ते कितीही चांगलं असलं तरी वगळा किंवा तपशील बदलायची परवानगी त्या व्यक्तीकडून आधी घ्या.